दोन यंत्रांमधली गोळी

मी माशाच्या तेलाची गोळी बोलतेय. खरं तर लोकांनी गिळावं म्हणून माझा जन्म. पण अलेक्झांड्रियातल्या कर्करोग संशोधकांनी मला माणसांच्या अंगावर चिकटवायला आणलं. एमआरआयच्या चित्रात माझं तेल पांढरं चमकतं, आणि वरून काळी पट्टी लावली की अंगावर प्रकाश टाकून आतलं रक्त पाहणाऱ्या यंत्राला मी काळा ठिपका दिसते. दोन्ही यंत्रांना आम्ही गोळ्या दिसतो. त्यांच्या डॉक्टरांना मात्र एकमेकांचं तोंड बघवत नाही.

एमआरआयवाले शिर्बीनी दुसऱ्या यंत्राला टॉर्च म्हणत. प्रकाशवाले वगदी पहिल्याला लोहचुंबक म्हणत. म्हणे दोघं मिळून एक चित्र करणार! एका खोलीत बसून चहा प्यायची तयारी नाही.

एक दिवस फिक्रिय्या नावाच्या निवृत्त शिक्षिका आल्या. एमआरआयमध्ये त्यांच्या डाव्या स्तनात दोन गाठी दिसल्या होत्या. एक आतल्या बाजूला, एक काखेकडे. जास्त रक्त कुठली गाठ ओढते, म्हणजे कर्करोगाचा संशय कुठल्या गाठीवर, ते प्रकाशावर कळणार, आणि तपासणीची सुई तिथेच जाणार.

तंत्रज्ञ इन्शिराह गोळ्या चिकटवू लागली.

"मासा ताजा आहे ना गं?" फिक्रिय्यांनी विचारलं.

"सकाळीच बंदरावरून आणलाय, बाई. हलू नका, पळेल."

नियमाप्रमाणे तीन गोळ्या लागल्या, मधोमध एक आणि दोन बाजूंना सारख्या अंतरावर दोन. "हे उलटं धरलं तरी तसंच दिसेल," असं पुटपुटत इन्शिराहने मला चौथी म्हणून काखेजवळ लावलं.

आता या विद्वानांची तऱ्हा ऐका. शिर्बीनींच्या चित्रात रुग्ण समोर उभा असल्यासारखा, म्हणजे त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे. वगदींच्या चित्रात डावी ती डावीकडेच. वगदींनी चित्रं तशीच एकावर एक ठेवली. तीन ठिपके छान जुळले. मी जुळेना. मग त्यांनी मलाच डाग समजून पुसून टाकलं! जास्त रक्त दाखवणारी प्रकाशाची खूण चुकून आतल्या गाठीवर बसली.

"दोक्तोर, चौथी गोळी मी लावली होती," इन्शिराह म्हणाली.

"तीनच लावायच्या असतात. तू जास्तीचं मीठ घातलंस, मी काढलं."

खरं सांगते, मलाही शंका आली. इतकी शिकलेली माणसं. मीच भलत्या जागी असेन.

तासाभराने शिर्बीनी सुई घेऊन आले. मी अजून फिक्रिय्यांच्या अंगावरच होते.

"हा कचरा काढ."

"आधी हिला चित्रात दाखवा, साहेब. मग काढते."

जोडलेल्या चित्रात मी नव्हते. त्यांच्या मूळ चित्रात होते. शेवटी त्यांनी वगदींचं मूळ चित्र मागवलं, आयुष्यात पहिल्यांदा. उलटवून ठेवलं. चारही ठिपके बसले, आणि प्रकाशाची खूण काखेकडच्या गाठीवर गेली.

"टॉर्चवाल्याने उलटं धरलं!"

"चुंबकवाल्याने कधी बघितलंय का?" वगदी दारातूनच ओरडले.

"तुमचं आटपलं की सांगा," फिक्रिय्या म्हणाल्या. "सुई मलाच टोचणार आहे."

काखेकडच्या गाठीत कर्करोग निघाला. लहान होता, वेळेत सापडला. सुई आतल्या गाठीत गेली असती, तर बाईंना 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं असतं.

आता दोघंही परिषदांमध्ये 'आमची पद्धत' म्हणून भाषणं देतात. आकृतीत ठिपके तीनच. इन्शिराहचं नाव कुठेच नाही.

मी चेपून गळायला लागलेय. मला खुशाल फेका. पण पुढच्या बाईच्या अंगावरचा एखादा ठिपका जुळला नाही, तर तो पुसण्याआधी, शहाण्यांनो, ज्या हाताने चिकटवला त्याला विचारा.