काजळीखालचं लाकूड

आमची इमारत पाडायला सगळ्यांच्या सह्या लागत होत्या. अकरा बिऱ्हाडांनी केल्या, माझी राहिली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, नव्या घरात लिफ्ट असेल. गुडघ्यांचा तरी विचार करा."

"करतो. आधी इमारतीची तपासणी तर होऊ दे."

ही इमारत म्हणजे मुळात एक मोठं गोदाम. पुढे त्याच्या वरच्या मजल्यावर मध्ये भिंती घालून बारा घरं केली. माझा धंदा फॉल्स सीलिंगचा. तीस वर्षांपूर्वी बाराही घरांना पांढरं छत मीच मारलं. वरची लाकडं काळीठिक्कर दिसत होती. कुजली म्हणून झाकून टाकली. बायको म्हणाली होती, "अहो, जरा पुसून तरी बघा." मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?" तिचे वडील सुतार होते.

तपासणीला इंजिनिअर बाई आल्या. मी शिडी लावून चार बोर्ड सोडवले. बाईंनी वर जाऊन ओला फडका फिरवला, मग चाकूचं टोक दाबून पाहिलं. ते आत शिरेना.

"काका, हे कुजलेलं नाही. नुसती काजळी आहे. अजून शंभर वर्षं हलणार नाही."

त्या गेल्यावर मी माझ्या घरातलं सगळं छत उतरवलं आणि लाकडं पुसत बसलो. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. मधल्या भिंती खालीच संपत होत्या. वरच्या तुळया कमानीसारख्या वाकून बाराही घरांवरून पार पलीकडे गेल्या होत्या. कुठे एक खिळा नाही. लाकडात लाकूड असं बसवलेलं की सांध्यात नख जाईना. एवढी लाकडं कुणी वाकवली, कशी चढवली? जन्मभर छतांचीच कामं केली, पण असं काम पाहिलं नव्हतं. मी शिडीवरच बसून राहिलो.

मुलगी आली. चपला काढायच्या विसरली.

"बाबा, हे आपल्या घरात होतं?"

"होतं. तुझी आई शेवटचे आठ महिने याच्याखालीच पडून होती. बघत होती माझं पांढरं छत."

ती आईच्या पलंगावर आडवी झाली. बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, "लिफ्टचं राहू द्या."

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू येऊन वर बघून गेल्या आणि पुन्हा दारात उभ्या राहिल्या.

"तुम्हीच झाकलंत ना? आता तुम्हीच उघडा!"

मी शिडी उचलली. त्यांनी बादली भरूनच ठेवली होती.