वरची रांग

आश्रुबा गुरुजी दूध आणायला निघाले आणि फाट्यावर त्यांना स्वतःचाच फोटो भेटला. विठ्ठलरावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मधोमध विठ्ठलराव, फोन कानाला. खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा, आणि शेवटच्या रांगेत डावीकडून सातवे गुरुजी. फोटो निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी काढलेला, त्यामुळे चेहऱ्यावर शुभेच्छा अशा काही नव्हत्या.

एरवी त्यांनी सोडून दिलं असतं. या भागात माणूस कधी ना कधी कुणाचा तरी शुभेच्छुक होतोच. पण आठच दिवसांपूर्वी गुरुजींनी तहसीलात अर्ज दिला होता. परळीच्या वीज केंद्रातून राख वाहणारे विठ्ठलरावांचे टिप्पर उघडेच गावातून जातात, राख पिकावर आणि पोरांच्या डब्यात पडते, तरी त्यांवर ताडपत्री टाकावी. खाली अकरा सह्या. पहिली गुरुजींची.

चौथी सही हनुमानची. तो हॉटेलात भेटला, पण चहाचं विचारलं नाही.

"गुरुजी, हिकडं सही अन् तिकडं फोटो? आमाला कावून पुढं केलंत मग?"

"मला न विचारता छापलाय रे."

"इचारतंय कोण? पर लोक म्हणत्यात, गुरुजी मॅनेज झाले."

गुरुजी तडक सुग्रीवच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. सुग्रीव त्यांचाच विद्यार्थी. त्याच्या कॉम्प्युटरात अख्खं गाव पासपोर्ट साइजमध्ये साठवलेलं होतं.

"माझा फोटो उडव त्यातून."

सुग्रीवने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि जीभ चावली. "रुसलात व्हय गुरुजी? माझीच चूक झाली. तुमी काय शेवटच्या रांगेतलं माणूस हाव का?"

दुसऱ्या दिवशी नवा फ्लेक्स लागला. गुरुजी पहिल्या रांगेत होते.

रविवारी लेक आली. आम्रपाली बीडला कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिने येता येताच फ्लेक्स पाहिला होता.

"बाबा, मी भविष्यातल्या जुलमी राजवटींच्या कादंबऱ्या शिकवते ना, त्यांत 'नाही' म्हणणाऱ्याला उचलून नेतात."

"मग?"

"इथं वरच्या रांगेत नेतात." ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "उचलून नेलेल्या त्या माणसाला निदान एवढं तरी कळतं, की आपलं 'नाही' कुणीतरी ऐकलं."

हे गुरुजींना लागलं. ते उठले आणि थेट विठ्ठलरावांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. वर्गातला आवाज लावून म्हणाले, "मी तुमचा शुभेच्छुक नाही. तुमच्या टिप्परविरुद्ध अर्ज दिलाय मी."

विठ्ठलराव उठले आणि गुरुजींच्या पाया पडले.

"तुमी न्हाई रागवायचं तर कुणी? हक्काचं माणूस हाव."

फोटो काढणारा तयारच होता.

तिसऱ्या फ्लेक्सवर गुरुजींचं डोकं विठ्ठलरावांच्या डोक्याएवढं होतं. खाली लिहिलं होतं 'मार्गदर्शक'. हात जोडलेले. गुरुजींनी तिथे हात जोडले नव्हते. ते हात दुसऱ्या कुणाचे तरी होते, बोटात अंगठीसकट.

त्या आठवड्यात बाकीच्या दहाही जणांनी सह्या मागे घेतल्या. भांडण कुणीच केलं नाही. तुमचं मिटलंच हाय तर आमी कशाला मधी, एवढंच म्हणाले.

वाढदिवस उरकला, फ्लेक्स उतरले. एका सकाळी हनुमान हाका मारत आला, "गुरुजी, भायेर या! झाकला की टिप्पर!"

गुरुजी बाहेर आले. राखेच्या ढिगावर तोच तिसरा फ्लेक्स पसरून दोरीने आवळला होता. दोरी गुरुजींच्या गळ्यावरून गेली होती. हात जोडून ते गावातून चालले होते, आणि चारी कोपऱ्यांतून राख पहिल्यासारखीच उडत होती.

"झालं की तुमचं काम," हनुमान म्हणाला. तो टोमणा असता तर बरं वाटलं असतं. पण तो मनापासून म्हणत होता.

गुरुजींनी चष्म्यावरची राख पुसली, घरात गेले आणि जुनाच अर्ज नव्याने लिहिला. या वेळी खाली एकच सही होती. सहीच्या वर त्यांनी एक ओळ वाढवली : 'टिप्परवर हात जोडून बसलेला इसम मी नाही.'

मग थोडं थांबून, पोरांच्या वह्यांत चूक दाखवताना मारायचे तशी, 'नाही'खाली लाल पेनाने दोनदा रेघ मारली.