दारात उभा राहिलेला उल्कावीर

सुपरहिरोच्या पाठीवर जे लाल कापड फडफडते ना, मित्रांनो, त्याला केप म्हणतात. मी तसाच एक जुना केप आहे.

माझा जन्म स्टुडिओच्या शिवणखोलीत झाला. शिवणाऱ्या मावशींनी मला दुहेरी शिलाई घातली आणि वाऱ्यात गोळा होऊ नये म्हणून खालच्या कडेत शिशाचे बारीक मणी ओवले. पोस्टरवरच्या प्रसिद्ध नटाने मला फक्त फोटोपुरते घातले. जळत्या इमारतीवरून उड्या मारल्या त्या स्टंटमनने, मला पाठीवर घेऊन. त्याच्या धंद्यात एक नियम होता. पोशाखात असताना मुखवटा काढायचा नाही. उड्या नटानेच मारल्या, असे लोकांना वाटले पाहिजे.

'उल्कावीर' या सिनेमाचा पहिला भाग तुफान चालला. घरोघरी मुले गळ्यात टॉवेल बांधून पलंगावरून उड्या मारू लागली. स्टंटमनची मुलगीही त्यांत होती. मुखवट्यामागे आपले बाबा आहेत हे तिला ठाऊक होते, पण बिचारीला ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग दुसरा भाग आला. निर्माता स्टंटमनला म्हणाला, "आता उड्या संगणक मारतो. तू थिएटरच्या दारात उभा राहा आणि पोरांना टाटा कर."

पहिल्या दिवशी आम्ही दारात उभे राहिलो. मुलगी वर्गातल्या मैत्रिणींना घेऊन आली. त्याने तिला कबूल केले होते, की सिनेमा सुटल्यावर तिच्या मैत्रिणींसमोर एकदाच मुखवटा वर करीन. कुणी पाहिले असते तर काम गेले असते. तरी तो तयार झाला होता.

"सुटल्यावर तुम्हाला एक गंमत दाखवते," असे मैत्रिणींना सांगून ती नाचत आत गेली.

दार उघडले की आतले ऐकू येई. उल्कावीर फोनवर बोलत होता. फार वेळ बोलत होता. मग तो आरशाशी भांडला, मग रडला. एकदाचा उडाला, तेव्हा लोक हसले. संगणकाने काढलेला केप पत्र्यासारखा ताठ होता म्हणे.

"पार माती केली," लाह्या विकणारा म्हणाला. "मध्यंतरातच लोक घरी चाललेत."

सिनेमा सुटला. मुले चिडूनच बाहेर आली.

"ए उल्कावीर, फोन ठेव आता!"

"उडून दाखव की! का संगणक घरी विसरलास?"

एका मुलाने त्याच्या पोटात ढुशी मारली. त्या मुलाचे वडील हसत मोबाइलवर शूटिंग करत होते. स्टंटमन एका हाताने टाटा करत राहिला. दुसरा हात त्याने मुखवट्याच्या बक्कलावर ठेवला होता. तो मुलीची वाट पाहत होता.

ती आली. मैत्रिणी पोट धरून हसत होत्या.

"काय गं, कसली गंमत दाखवणार होतीस?"

"काही नाही."

"हे सोंग का तुझी गंमत? ओळखतेस की काय याला?"

तिने वर पाहिले. मुखवट्याला डोळ्यांपुरती भोके असतात, मित्रांनो. जवळून आतले डोळे दिसतात. तिला ते दिसले.

"मी कशाला ओळखू?" ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी तिनेच मला ओढले. मग सगळ्यांनी ओढले. मी टरकन फाटलो.

बक्कलावरचा हात खाली आला. त्याच हाताने त्याने तिलाही टाटा केला.

संध्याकाळी मावशींनी मला उलटून पाहिले. "अरे, हा कसा फाटला?"

"दारात अडकला, मावशी."

"आणि लेकीला आवडला का सिनेमा?"

"आवडला असावा," तो म्हणाला. "हसत होती."

तिसरा भाग काही निघाला नाही. मावशींनी माझे तुकडे केले. आता मी शिलाई यंत्राचे तेल पुसतो.

मित्रांनो, वाईट सिनेमाला खुशाल वाईट म्हणा. पण दारात उभ्या असलेल्या माणसाने तो बिघडवलेला नसतो. पोशाखाच्या आत कोण आहे ते आधी पाहा, एवढे सांगून मी थांबलो असतो. पण त्या मुलीने पाहिले होते, आणि पाहूनच ओढले. म्हणून वेगळेच सांगतो. सगळे हसत असताना आपले माणूस समोर आले, तर लाज वाटेल. वाटू द्या. ओळख दाखवायचा धीर झाला नाही, तर तोही नसू द्या. निदान हात मागे बांधून उभे राहा.