चंदेरी पांघरूण

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. पाण्याचा नव्हे, वाफेचा. नागपुरातल्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरपासून इस्त्रीच्या यंत्रापर्यंत मी भिंतीला धरून गेलो आहे. माझ्या पोटातून धावणारी वाफ उकळत्या पाण्याहूनही कितीतरी गरम असते. उघड्या अंगाने मी कुणाच्या जवळ जाऊ शकत नाही.

म्हणूनच कारागिरांनी मला बसवले तेव्हा माझ्याभोवती दगडी लोकर गुंडाळली. दगड वितळवून काढलेले ते बारीक तंतू. त्यांच्यात हवा अडकून राहते आणि आतली धग आतच थांबते. वरून त्यांनी पत्रा चढवला. मग मी बाहेरून नुसता कोमट राहिलो.

चादरींच्या घड्या घालणाऱ्या इंदूबाई रोज सकाळी माझ्यावर आपला डबा ठेवत. “पाइपबुवा, भाजी सांभाळा जी,” म्हणत. थंडीत ओले, गारठलेले हात माझ्या पाठीवर दाबून धरत. तेव्हा आपण कुणाचे तरी आहोत, असे मला वाटे.

पुढे छत गळू लागले. पत्रा गंजला, लोकर भिजून लोंबू लागली. ओली लोकर धग अडवत नाही, मित्रांनो. तिचे तंतू धुतलेल्या चादरींवर पडत आणि इंदूबाईंचे हात खाजून लाल होत.

देखरेख करणारे मनोहरराव मायाळू माणूस. त्यांनी इतवारीच्या बाजारातून दोन तुकडे आणून टेबलावर ठेवले. एक नव्या लोकरीचा, दुसरा फोमचा, वरून चंदेरी.

“इंदूबाई, त्रास तुमच्या हातांले आहे, तर निवड बी तुमच्याच हातांनी होऊ द्या.”

इंदूबाईंनी लोकरीला बोट लावले. “हे तर चावते जी! हे चमकदार पहा, कसं मऊ आहे. बाळाच्या गादीसारखं.”

“नवरदेव दिसन पाइप,” त्यांच्यासोबत काम करणारी प्रीती हसली.

“मग ठरलं,” मनोहरराव म्हणाले. त्यांच्या बेसा भागातल्या घरी एसीच्या नळीवर तोच फोम होता आणि छान टिकला होता. पण त्या नळीतून गारवा वाहतो. माझ्यातून काय वाहते, हे त्या दिवशी कुणीच विचारले नाही. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

रविवारी बॉयलर बंद असताना मला ते चंदेरी पांघरूण घातले. सोमवारी वाफ सुटली. फोम आतल्या आत वितळू लागला, वरचा मुलामा मात्र तसाच चकाकत राहिला.

“काही जळून राहिलं काय वं मावशी?” प्रीतीने विचारले.

“तुह्या नवरदेवाले हळद लागून राहिली असन,” इंदूबाई हसल्या. आणि धुण्याच्या हौदातून काढलेले गार हात त्यांनी सवयीने माझ्यावर दाबले.

मुलामा फाटला. वितळलेला फोम त्यांच्या उजव्या तळव्याला चिकटला. हात ओढून घ्यावा तर तो सुटेना. ती किंकाळी अजून माझ्या लोखंडात आहे.

जखम भरली, पण बोटे पुरती मिटत नाहीत. घड्यांचे काम सुटले. आता इंदूबाई दारात बसून डाव्या हाताने गाठोडी मोजून घेतात. मनोहरराव त्यांच्यासमोरून जाताना मान वर करत नाहीत. खरे तर त्यांनी वाईट काहीच चिंतले नव्हते, आणि हेच मला फार सलते.

नंतर एक जाणकार बाई आल्या. त्यांनी आधी माझ्या वाफेची उष्णता मोजली, मगच लोकर निवडली. तिचे तंतू कुणाला टोचू नयेत म्हणून वरून पत्रा घट्ट बसवला, छतही दुरुस्त करवले. एवढे केले असते तर पहिल्यांदाच पुरले असते.

“आता ठेवा न वं मावशी डबा, काही होत नाही,” प्रीती म्हणते.

“मले समजते वं. पण हात ऐकत नाही.”

मित्रांनो, कुणासाठी काही निवडाल तेव्हा ते हाताला किती मऊ लागते, एवढेच पाहू नका. ज्याच्यासाठी निवडता त्याच्या आत काय धगधगते आहे, ते आधी विचारा. आणि जुने पांघरूण भिजू लागले की वेळीच पाहा.

इंदूबाईंचा डबा आता खिडकीत असतो. दुपारपर्यंत त्यातली भाजी गार होते. मी मात्र तिच्यापासून तीन हातांच्या अंतरावर तसाच कोमट उभा असतो.