हॉट प्रेसमधली चड्डी

विनोदाला चड्डी लागते, हे ज्ञान सुमेधाला डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या क्रेशमध्ये, म्हणजे पाळणाघरात, नोकरी लागल्यावर आठवड्याभरात झालं. चार वर्षांच्या पोरांना राजा सांगा, राक्षस सांगा, ढिम्म! राजाची चड्डी सुटली म्हणा, की गालिच्यावर गडाबडा लोळतात. म्हणून तिनं स्वतःचं पहिलंवहिलं चित्रांचं पुस्तक केलं, तेव्हा त्यात पानभर चड्डी काढली. लाल-पिवळ्या पट्ट्यांची, चांगली ढगळ. आणि ती दिली कुणाच्या हातात? सख्ख्या सासऱ्यांच्या!

नाव नव्हतं हो लिहिलं. नुसतं 'ग्रँडॅड'. पण पांढऱ्या झुबकेदार मिशा, कानटोपी आणि वरून तपकिरी मफलर. कराडच्या मोरेश्वरअण्णांना ओळखायला आणखी काय आधार कार्ड लागतं?

किस्सा खरा होता. दोन वर्षांपूर्वी अण्णा पहिल्यांदा आयर्लंडला लेकाकडे, गिरीशकडे, आले. दोरीवरचे कपडे पावसात ओले झाले, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारची ब्रीडा म्हणाली, "हॉट प्रेसमध्ये टाका, ग्रँड होतील!" आता इथं प्रेस म्हणजे कपाट, आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, त्यात दमट कपडे वाळवतात. पण अण्णांनी जन्मभर कपडे प्रेसला टाकले ते इस्त्रीवाल्याकडे. प्रेस, ती पण हॉट! त्यांनी त्या कपाटालाच इस्त्रीचं मशीन समजून ओला कपडा नीट चौघडी करून त्यात ठेवला, इस्त्री कडक बसावी म्हणून वर तांदळाची पिशवी ठेवली आणि निवांत झोपले. सकाळी कपड्याचा पार चोळामोळा. अण्णा म्हणाले, "मशीन स्लो दिसतंय."

हसून हसून पुरेवाट झाली होती तेव्हा. पुढं प्रत्येक गणपतीत, प्रत्येक वाढदिवसाला गिरीश तो किस्सा सांगायचा, सुमेधा अण्णांच्या आवाजात "मशीन स्लो दिसतंय" म्हणायची. सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली. पुस्तकात तर ग्रँडॅड तांदळाऐवजी स्वतःच चड्डीवर बसतो, कपाटाचं दार लागतं आणि आतून ओरडतो, "मशीन स्लो आहे!" डब्लिनच्या एका छोट्या प्रकाशनाला ते इतकं आवडलं, की त्यांनी छापलंसुद्धा. अण्णा तिकडे कराडला. त्यांना कोण दाखवतंय? या हिशेबावर बाई निश्चिंत होत्या.

आणि अण्णा आले की पुन्हा! सुमेधानं पुस्तकांचा गठ्ठा घाईघाईनं लपवला. कुठं? हॉट प्रेसमध्येच, टॉवेलांच्या खाली. अण्णा त्या कपाटाकडे पुन्हा फिरकणार नाहीत, याची तिला खात्री होती. स्वतःच्या या हुशारीची तिला त्याच क्षणी लाजही वाटली, पण टॉवेल तिनं नीट सारखे केले.

शनिवारी लायब्ररीत पुस्तकाचं वाचन होतं. गिरीश हॉस्पिटलात ऑन-कॉल ड्यूटीवर, म्हणजे अण्णांना घरी सोबत नाही. "अण्णा, तुम्ही आराम करा, तिथं सगळी पोरंच असतात," सुमेधा म्हणाली. तेवढ्यात सात वर्षांची लेक स्वरांगी मध्ये कडमडली. "बट मॅमी, आजोबा हॅज टु कम! ही इज द स्टार!"

"कशाचा स्टार?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही हो, ती काहीही बोलते," असं सुमेधा म्हणाली खरी. पण अण्णा कोट घालून, मिशांना तेल लावून दारात उभे. सुनेचं पुस्तक आलंय, यायला नको? वाटेत बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला त्यांनी सांगितलंसुद्धा, "माय डॉटर-इन-लॉ. रायटर." सुमेधाला वाटलं, चालत्या बसमधून उडी मारावी.

लायब्ररीत अण्णांना बसायला मिळाली पोरांची बुटकी खुर्ची. गुडघे छातीशी घेऊन ते पहिल्या रांगेत बसले. डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर. सुमेधानं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानाला एक चिमुरडी पानाकडे बघे, अण्णांकडे बघे, पुन्हा पानाकडे. मग बोट दाखवून किंचाळली, "इट्स हिम!"

"दॅट्स माय आजोबा!" स्वरांगी अभिमानानं ओरडली.

झालं! आता वाचायचं थांबताही येईना. चड्डीच्या पानाला पोरं लोळली, आईबाप हसले, लायब्ररीवाल्या ऑर्लाबाईंनी डोळे पुसले. सुमेधाची मान वर होईना. शब्द तोंडातून येत होते आणि कान तापून लाल झाले होते. शेवटी तिनं चोरून पाहिलं, तर अण्णाही हसत होते. पोरांच्या बरोबरीनं, टाळ्या वाजवत. सुटले बाई, असं तिला वाटलं.

ऑर्लाबाईंनी विचारलं, "ग्रँडॅडना काही बोलायचंय का?"

अण्णा उठले. खुर्चीही थोडी त्यांच्याबरोबर उठली, पोरं पुन्हा हसली. अण्णांनी ती सोडवून बाजूला ठेवली आणि आपल्या एसटी डेपोतल्या नोकरीत कमावलेल्या इंग्रजीत म्हणाले, "ड्रॉइंग व्हेरी गुड. ओन्ली वन मिस्टेक." मग चड्डीच्या पानावर बोट ठेवलं. "धिस, नॉट माइन. शर्ट. हर शर्ट. नेक्स्ट डे हर इंटरव्ह्यू. शी वॉज टायर्ड, स्लीपिंग. आय थॉट, आय विल डू."

पोरं चुळबुळ करू लागली. त्यांना त्यात काही गंमत दिसली नाही. एका आईनं सुमेधाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

सुमेधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शर्ट! तिचाच तर होता. नवऱ्याच्या डिपेंडंट व्हिसावर वर्षानुवर्षं घरात बसल्यावर मिळालेला पहिला इंटरव्ह्यू, क्रेशमधला. चुरगळलेल्या शर्टावर तिनं गिरीशचा स्वेटर चढवला आणि गेली. नोकरी मिळाली. पार्टीत सांगताना शर्टाचा नुसता 'कपडा' कधी झाला आणि कपड्याची चड्डी कधी झाली, तिला आठवतसुद्धा नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ती कशीबशी म्हणाली, "अण्णा, माझं चुकलं. तुम्हाला न विचारता तुमचं हसं केलं मी. लाज वाटते मला."

"चुकलं कुठं?" अण्णा म्हणाले. "शर्ट काढला असतास, तर हसलं कोण असतं? चड्डीच पायजे तिथं." मग त्यांनी मफलर सारखा केला. "फकस्त एक कर पोरी. एक पुस्तक मला दे कराडला न्यायला. त्यात तेवढा शर्ट काढून दे. तिथली माणसं मला वळखतात."

घरी आल्या आल्या तिनं हॉट प्रेस उघडली आणि अण्णांच्या देखत टॉवेलांखालून पुस्तक काढलं. टॉवेलाची घडी मोडली होती, तेवढी अण्णांनी सारखी केली. जेवणाच्या टेबलावर बसून तिनं चड्डीवर पांढरा रंग फिरवला, वाळू दिला, शर्ट काढला. कॉलर, बाह्या, बटणं. मग ब्रश हातात तसाच राहिला.

"अण्णा," ती खालच्या मानेनं म्हणाली, "रंग कुठला होता हो त्याचा?"

"फिका निळा," अण्णा म्हणाले. "तुला न्हाई व्हय आठवत?"

तिनं निळा रंग भरला. स्वरांगी टेबलावर कोपरं टेकून बघत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "मॅमी, नाऊ इट्स नॉट फनी."

"नाहीच आहे गं," सुमेधा म्हणाली.