बिनचित्रांचं पुस्तक

आमच्या जोगजा शहरात ‘नाही’ असं कुणी तोंडावर म्हणत नाही. ते फार उर्मटपणाचं समजतात. नाही म्हणायचं असलं की माणूस गोड हसतो, चमेलीचा चहा पुढे करतो आणि म्हणतो, ‘बघू हं.’ समोरच्यानं काय ते ओळखायचं, चहा संपवायचा आणि हसत हसत उठायचं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. विगातीलाही कळत होतं, पण त्या दिवशी तिनं ठरवलं की आपल्याला ते कळलंच नाही.

झालं होतं असं, की सरकारी प्रशिक्षण केंद्रात वेब पानं बनवायला शिकवणारा वर्ग निघत होता. विगातीला त्यात जायचं होतं. ती जन्मापासून आंधळी, आणि आमच्याकडे आंधळ्या माणसाचं पुढचं आयुष्य बारशाच्या आधीच ठरलेलं असतं. मालिश शिकायची. हाताला जोर असो नसो, आवड असो नसो, मालिश. विगातीच्या बापानंही गावाहून निरोप धाडला होता की मालिश केंद्रात नाव घातलंय, सोमवारपासून जायचं. त्याच सोमवारी वेबचा वर्ग सुरू होणार होता. आता इकडे जागा मिळाली नाही, तर जन्मभर लोकांच्या पाठी रगडायच्या, एवढा साधा हिशेब होता.

आणि पोरगी संगणकावर काय वाघीण होती म्हणून सांगू! अंधांच्या संस्थेत एक जुनं यंत्र होतं, त्यात पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारा आवाज होता. तो आवाज कुणा गोऱ्या साहेबाचा, आमची नावं उच्चारताना त्याची बोबडी वळायची. पण विगातीचा कान त्याला सरावलेला. तो जेवढ्या वेगानं बोलेल तेवढ्या वेगानं ती टंकायची.

वर्ग घेणारे सुसेत्यो सर म्हणजे शहरातलं मोठं प्रस्थ. वेब पानं कशी बनवावीत यावर त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलं होतं. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत चित्रं, मागे सीडी चिकटवलेली. विगाती आणि तिची जुमिरा मावशी त्यांना भेटायला गेल्या तेव्हा सरांनी चहा मागवला, चौकशी केली आणि मग आवाजात मध घोळून म्हणाले, “विगातीताई, तुम्ही आलात तर मला आनंदच आहे हो. पण वर्गात मी एकटा. तुमच्या शेजारी बसून एकेक सांगणं मला कसं जमायचं? असं करा, तुम्हाला आपलं आपण शिकता येईल असं एखादं पुस्तक मिळालं, तर शुक्रवारी घेऊन या. मग बघू हं.”

रस्त्यावर येताच मावशी म्हणाली, “चल घरी. नाही म्हणाले ते.”

“पुस्तक आण म्हणाले.”

“अगं बाई, असं पुस्तक नसतं म्हणूनच आण म्हणाले! बोळवण केली आपली. तू काय कालची आहेस का?”

“नाही म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं. दातखीळ बसली होती का? मला पुस्तक आण म्हणाले, मी पुस्तक आणणार.” विगातीचा आवाज इतका चढला की सायकलरिक्षावाल्यानं वळून पाहिलं. “मावशी, तू वाचशील ना?”

जुमिरा मावशी पहाटे कोपऱ्यावर बसून गुदेग विकायची, म्हणजे भात, फणसाची भाजी आणि वर कोंबडीचा तुकडा. फणसाच्या भाजीचं तिचं पातेलं सकाळी आठलाच रिकामं व्हायचं, त्यामुळे दिवस मोकळा. वाचन म्हणाल तर वर्तमानपत्रातल्या मयताच्या बातम्या, त्याही बोट ठेवून. “मी? संगणकाचं पुस्तक? माझं टाळकं ठिकाणावर आहे का बघ आधी,” असं म्हणत ती पुस्तकांच्या मोठ्या दुकानाकडे निघालीसुद्धा.

त्या दुकानात संगणकाच्या पुस्तकांची भिंतच्या भिंत होती, पण आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळी प्लास्टिकमध्ये घट्ट बंद. मुखपृष्ठ बघा, जाडी बघा आणि घ्या. आत काय आहे ते घरी गेल्यावर तुमच्या नशिबानं कळेल. विगातीला तर मुखपृष्ठाचाही उपयोग नव्हता. तिची पारख साधी होती: कुठलंही पान उघडून मावशीनं मोठ्यानं वाचायचं. नुसतं ऐकून करता आलं तर पुस्तक पास, नाही तर परत फळीवर. पण त्यासाठी आधी पुस्तक उघडायला नको का?

“जरा एक फोडून द्याल का?” मावशीनं विक्रेत्या पोरीला विचारलं.

“घ्यायचं असेल तर फोडते, काकू.”

“अगं, आत काय आहे ते कळल्याशिवाय घेऊ कसं?”

“मागच्या बाजूला लिहिलंय ना.”

मागच्या बाजूला लिहिलं होतं, ‘अत्यंत सोपे! प्रत्येक पायरी चित्रासह!’ मावशीनं ते वाचून दाखवलं आणि विगातीनं कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात फळीवर एक उघडलेली प्रत सापडली, आणि ती नेमकी सुसेत्यो सरांचीच. मावशीनं मधलंच पान काढलं, घसा खाकरला आणि देवळातल्यासारखा सूर लावून वाचलं, “‘चित्रात दाखवल्याप्रमाणे येथे क्लिक करा.’”

“येथे म्हणजे कुठे?”

“येथे म्हणजे... बाण काढलाय लाल.”

“पुढे?”

“‘आता तुमचा पडदा पुढील चित्रासारखा दिसेल. तसा दिसला नाही तर मागील चित्र पहा.’”

“मागच्या चित्रात काय आहे?”

“तोच बाण आहे गं.”

विगाती आधी हसली, मग तिच्या अंगाची लाहीलाही झाली. “हे पुस्तक आहे का भिंतीवरचं कॅलेंडर? या माणसाला दोन वाक्यं धड लिहिता येत नाहीत आणि हा मला म्हणतो, तुला जमायचं नाही! मावशी, दुसरं बघ.”

दुसरं बघायचं म्हणजे प्लास्टिक फोडायचं. मावशीनं इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्याच्या नखानं टर्रकन एक फोडलं. चित्रं. दुसरं फोडलं. चित्रं, शिवाय मध्येमध्ये डोळा मारणारी बाहुली. तिसऱ्याला हात घातला तोच पहारेकरी धावत आला. “काकू, काय चाललंय हे?”

“पुस्तक निवडतोय. फणस घेताना बोटानं दाबून बघतोच की आम्ही. तुमची पुस्तकं काय सोन्याची लागून गेली?”

पहारेकऱ्यानं अगदी अदबीनं त्यांना दारापर्यंत पोचवलं. वर तिथला कुणी साहेब विगातीकडे बघत मावशीला म्हणाला, “यांना कशाला उगाच त्रास देता? यांच्यासाठी मालिशचा कोर्स असतो, फार चांगला.” विगाती उंबऱ्यातच थांबली. “साहेब, पाठ दुखत असेल तर डॉक्टरकडे जा. मी पुस्तक घ्यायला आलेय.” त्या माणसानं काय तोंड केलं ते मावशीनं तिला घरापर्यंत तीनदा करून दाखवलं, आणि दर वेळी विगाती म्हणाली, “तरी राग जात नाहीये गं माझा.”

दुसऱ्या दिवशी दोघी जुन्या पुस्तकांच्या बाजारात गेल्या. तिथे टपऱ्यांना टपऱ्या चिकटलेल्या, आणि टपरीवाला आधी विचारतो, “कुठलं कॉलेज? कुठला विषय?” लेगिमानकाका तिथला जुना माणूस. त्यानं विषय ऐकला आणि पटापट सहा पुस्तकं पुढ्यात टाकली. मावशीनं एकेक उघडून वाचलं. येथे क्लिक करा. असे दिसेल. वरील चित्र पहा. खालील चित्र पहा.

“पोरी, तुला हवंय तरी काय?” काका वैतागला.

“चित्रं नसलेलं.”

“चित्रं नसलेलं कोण घेतं? एक आहे, पण ते कुणी फुकटही नेत नाही. सीडीसुद्धा नाही त्याला.” त्यानं मागच्या ढिगातून एक पुस्तक ओढून काढलं. राखाडी रंगाचं, विटेसारखं जाड. मलांग शहरातल्या कुणा मास्तरानं लिहिलेलं.

मावशीनं पान उघडलं. “हे काय गं? इथे ओळीच्या सुरुवातीला चोच आहे.”

“चोच?”

“पक्ष्याची असते तशी. उघडी चोच, पी, मग उलटी चोच.” आणि पुढे ती वाचत गेली, अडखळत, बोट ठेवून: या खुणेनं परिच्छेद सुरू होतो. संपवताना हीच खूण, पण आत आधी एक तिरकी रेघ. संपवायला विसरलात तर काय होतं, कुठे घालू नये, कशाच्या आत घालता येते. बाण नाही, ‘येथे’ नाही. प्रत्येक खुणेची अशीच रीतसर ओळख.

विगाती जागच्या जागी बसली, टपरीसमोरच्या स्टुलावर. “मावशी, पुढचं वाच.” मावशीनं पुढचं वाचलं. “अजून एक.” बाजूचे टपरीवाले गोळा झाले. विगातीची बोटं मांडीवर टंकल्यासारखी हलत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. “सगळं कळतंय,” ती म्हणाली. “इतके दिवस वाटायचं, माझंच डोकं कमी पडतंय. सगळं कळतंय गं मला.”

शुक्रवारपर्यंत मावशी वाचून वाचून घायकुतीला आली. “चोच उघडी, एच, एक, चोच बंद,” असं ती गुदेग वाढतानाही पुटपुटायला लागली, आणि गिऱ्हाइकं विचारू लागली, की कोंबडीचा कुठला तुकडा म्हणायचा हा? पण गुरुवारी संध्याकाळी संस्थेच्या यंत्रावर विगातीनं पहिलं पान उभं केलं. वर मथळा, खाली मावशीच्या गुदेगची माहिती. गोऱ्या साहेबानं ते बोबडं बोबडं वाचून दाखवलं.

शुक्रवारी केंद्रात नाव नोंदवायला आलेली मुलं यंत्रांसमोर बसली होती. सरांनी विगातीला पाहिलं आणि क्षणभर त्यांचं हसू ओठांवरच अडकलं. ती येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. तरी त्यांनी पुस्तक हातात घेतलं, फर्रकन पानं उलटली. “अहो, यात एकही चित्र नाही!”

“म्हणूनच आणलं, सर.”

“असल्या रुक्ष पुस्तकावरून कुणी शिकतं का? आणि काय आहे, वर्गाचं पुस्तक ठरलेलं असतं.” त्यांनी स्वतःच्या पुस्तकावर प्रेमानं हात ठेवला. “सगळ्यांना तेच घ्यावं लागतं. नियम आहे, माझ्या हातात काही नाही. तेव्हा पुढच्या खेपेला बघू हं.”

मावशीला वाटलं विगाती ओरडेल. विगातीनं नुसता हात पुढे केला, आपलं पुस्तक परत घ्यायला. ते बघितलं आणि मावशीचंच माथं फिरलं. तिनं सरांच्या हाताखालून त्यांचं पुस्तक ओढलं. “सर, डोळे मिटा.”

“काय?”

“मिटा हो, मी काही खात नाही तुम्हाला. मी वाचते तुमचं पुस्तक, तुम्ही करून दाखवा. ‘चित्रात दाखवल्याप्रमाणे येथे क्लिक करा.’ हं, करा!”

मुलं खुदखुदली. सरांनी डोळे मिटले, माउसवर हात ठेवला, आणि बाण पडद्यावर भलतीकडेच. “कुठे क्लिक करू?” त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि अख्खी खोली हसली. सरांचे कान लाल झाले. पण माणूस मोठा मानी. त्यांनी माउस बाजूला सारला. “पुस्तक ठेवा तिकडे. मला पुस्तक लागत नाही.” आणि डोळे तसेच मिटून त्यांनी कळफलक पुढे ओढला. बोटं धडाधड चालायला लागली. चोच, अक्षर, चोच. कळांनीच जतन केलं, कळांनीच उघडलं. पडद्यावर देखणं पान आलं, मथळा, रंग, सगळ्यासकट. मुलांनी टाळ्या पिटल्या.

सरांनी डोळे उघडले. छाती हातभर फुगलेली. “पंधरा वर्षं करतोय! बोटांना पाठ आहे सगळं. याला डोळे लागतातच कुठे!”

टाळ्या थांबल्या. कुणीतरी खोकलं.

“मग माझं नाव लिहा, सर,” विगाती म्हणाली.

खोलीतल्या सगळ्या मुलांच्या नजरा सरांवर होत्या. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांना जरा बरंही वाटलं असावं, कारण आवाजात पुन्हा मध उतरला. “छान झालं हो. आमच्या केंद्रात पहिल्यांदाच अशा मुलीला संधी मिळतेय. थांबा, एक फोटो घेऊ. वर्तमानपत्रात देता येईल. अरे, कॅमेरा आणा कुणीतरी. विगातीताई, इकडे या, माझ्या शेजारी. आणि जरा हसा.”

मावशीनं हळूच चिमटा काढला. “हस गं. आभार मान त्यांचे.”

विगाती हलली नाही. “सर, बाकीच्यांचे फोटो काढलेत?”

“बाकीच्यांचे? नाही, त्यांचे कशाला?”

“मग माझाही नको,” ती म्हणाली. “सोमवारी किती वाजता यायचं?”