सव्वादोन किलो

मित्रांनो, १९८७ साली मी भंगारात जाता जाता वाचलो. मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, खाली आकडा, मध्ये गोल तबकडी. एका छोट्या कारखान्यात माझी स्प्रिंग वळली गेली आणि तोवर वीस वर्षं एकाच घरात मी धान्य तोललं, चारा तोलला, एकदा तर रडणारं तान्हं बाळही तोललं.

त्या वर्षी घरातल्या धाकट्या भावाने अळंबीचा ध्यास घेतला. गोठ्यामागच्या खोलीत त्याने पेंढा भरलेल्या साठ पिशव्या टांगल्या. रोज सकाळी तो त्यांवर पाणी शिंपडायचा, लगेच अळंबी काढायचा आणि टोपली मला अडकवायचा.

"साठ पिशव्यांत रोज तीन किलो! मग सहाशेत किती?" असं म्हणत तो घरभर नाचे.

मोठी शेड बांधण्यासाठी दोन्ही गाई विकायचं ठरलं. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. थोरल्या भावानेही मान डोलावली. गाईंचं सगळं करणारी त्याची बायको, म्हणजे वहिनी, मात्र दोन दिवस जेवली नाही.

शनिवारी बाजाराची गाडी चुकली आणि टोपली दुपारपर्यंत तशीच राहिली. वहिनीने ती पुन्हा मला लटकवली. माझी सुई सव्वादोनवर थांबली.

"भाऊजी, पाऊण किलो कोणी खाल्लं?"

"हा काटा म्हातारा झालाय, वहिनी. तुमच्यासारखाच कुरकुरतो. उद्याच भंगारात देतो."

"मी कुरकुरते म्हणून तुम्हाला वेळेवर जेवायला मिळतं!"

ती तडक कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन किलोचं लोखंडी माप मागून घेऊन आली. मित्रांनो, आता परीक्षा माझी होती. माप लटकलं. सुई बरोबर दोनवर.

रविवारी सकाळी वहिनीने पाणी शिंपडू दिलं नाही. कोरडी अळंबी अडीच किलोही भरली नाही. थोरल्याने नव्याने हिशेब मांडला. शेड बांधली तर हाती काही उरत नव्हतं. आहे त्या खोलीत मात्र थोडा का होईना, फायदा होता.

धाकटा डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे मी पाणीच विकायला निघालो होतो की!"

गिऱ्हाईक चहा पिऊन परत गेलं. वहिनीचा जीव भांड्यात पडला. माझाही.

धाकट्याने सहा वर्षांनी अळंबीच्याच कमाईतून शेड बांधली. आता तो नवशिक्यांना आधी कोरडं वजन करायला शिकवतो. थोरला नोकरीतून निवृत्त झाल्यावर माल पोहोचवू लागला. आता घरीच असतो. त्या गाई गोठ्यातच म्हाताऱ्या झाल्या. वहिनी सत्तरीच्या पुढे गेली आहे. गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे. माझं काम विजेच्या काट्याने घेतलं, पण मला भिंतीवर जागा आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्याला उगाच ओझं लटकवून ठेवू नका, स्प्रिंग सैल पडते. अधूनमधून तेलाचा एक थेंब द्या. आणि मी नको तो आकडा दाखवला, तर मला फेकण्याआधी एकदा पुन्हा तोलून पाहा.